नवीन गाडी बुक केली आणि घोळ झाला: पैसे, हक्क आणि तक्रार, पायरीपायरीने

नवीन गाडीच्या ऑर्डरमधले घोळ ठरलेले असतात. सहा आठवडे सांगून सहा महिने होतात, मधेच भाव वाढतो, बुक केलेला व्हेरियंट एक आणि यार्डात उभा दुसराच, कॅन्सल केलं की रिफंड "प्रोसेसमध्ये" जातो आणि तिथेच मुक्काम करतो. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक करतात, एकतर शोरूममध्ये जाऊन आवाज चढवतात नाहीतर "जाऊदे, गाडी मिळतेय ना" म्हणून सही करून मोकळे होतात. आवाज चढवून सेल्सवाल्याचा दिवस खराब होतो, तुमचं काम होत नाही.

पूर्ण लेखातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या: पासिंग होईपर्यंत तुमची बाजू भक्कम असते, पासिंग झालं की तराजू डीलरकडे झुकतो. तुमच्या नावाने आरटीओत नोंद झाली की ती गाडी कागदोपत्री "फर्स्ट ओनर"ची झाली, ती परत घ्यायला डीलर सहजी तयार होत नाही आणि कोर्टसुद्धा पूर्ण गाडी बदलून द्यायचा आदेश जपूनच देतं. म्हणून जे काही भांडायचं ते शक्यतो त्याच्या आधी, आणि लेखी.

भांडण नक्की कोणाशी आहे

बोर्ड कंपनीचा असला तरी पैसे तुम्ही डीलरला दिलेत. पावती बघा, तिच्यावर कोणाचं नाव आहे, जीएसटी नंबर कोणाचा आहे. बहुतेक कंपन्या डीलरला गाडी विकतात आणि डीलर तुम्हाला विकतो, म्हणजे दोन स्वतंत्र व्यवहार. हे बारीक वाटतं पण केस इथेच अडते. गोव्यात एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची गाडी दिली गेली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती किंवा त्यात तिचा हात होता हे दाखवल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. कंपनी तिथून सुटली.

याचा उपयोग कसा करायचा? घोळ झाल्या झाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकायचा आणि कम्प्लेंट नंबर घ्यायचा. तिथून पुढे "आम्हाला माहितीच नव्हतं" हे कंपनीला म्हणता येत नाही. बुकिंग थेट कंपनीच्या वेबसाइटवर केलं असेल आणि पैसे कंपनीच्या खात्यात गेले असतील तर कंपनी सरळसरळ तुमच्या समोर आहे, मग तर प्रश्नच नाही.

अजून एक, तुम्ही कायद्याच्या नजरेत "ग्राहक" आहात का ते बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू झाला जुलै २०२० मध्ये, त्याआधी १९८६ चा होता) व्यावसायिक कामासाठी घेतलेल्या वस्तूला लागू होत नाही. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी एखादी टॅक्सी घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच. कंपनीच्या नावावर पाच गाड्या बुक केल्या असतील तर मात्र सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) पहिला आक्षेप हाच घेणार.

कागद गोळा करा, आजच

बुकिंग फॉर्म, त्याच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटी (हो, मागची बाजू, तिचा फोटो कोणीच काढत नाही), पावती, कोटेशन, बँक स्टेटमेंटमधली एंट्री, जाहिरातीचा किंवा वेबसाइटवरच्या भावाचा स्क्रीनशॉट तारखेसकट, आणि सेल्सवाल्याशी झालेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅप चॅट. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा, कारण माणूस नोकरी सोडून जातो आणि डिसअपिअरिंग मेसेज चालू असले तर चॅटही जातं. पुढे केस झालीच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट जोडतात, त्यामुळे ज्या फोनवर मूळ चॅट आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

तोंडी जे काही ठरलंय ते लेखी करून घ्यायची एक सोपी पद्धत आहे. शोरूममधून बाहेर आलात की त्याच दिवशी मेल: "आज आपलं बोलणं झालं त्यानुसार अमुक व्हेरियंट, अमुक रंग, चालू वर्षाचं मॅन्युफॅक्चरिंग, अमुक तारखेपर्यंत डिलिव्हरी, एक्स-शोरूम भाव इतका, अ‍ॅक्सेसरीज सक्तीच्या नाहीत. काही चुकीचं असेल तर दोन दिवसात कळवा." उत्तर नाही आलं तरी चालेल. गप्प बसणंसुद्धा नंतर कामाला येतं.

बुकिंग अजून केलंच नसेल तर फॉर्मवर चार गोष्टी हाताने लिहून घ्या आणि शिक्का मारून घ्या: डिलिव्हरीची तारीख ("टेंटेटिव्ह" नको, "पर्यंत" हवं), मॅन्युफॅक्चरिंगचं वर्ष, कॅन्सल केलं तर किती कापणार, आणि किती दिवसात परत देणार. डीलर लिहून द्यायला नाही म्हणाला तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

डिलिव्हरी लांबत चालली असेल तर

फॉर्मवर बहुतेक वेळा "डिलिव्हरीची तारीख अंदाजे, कंपनीच्या पुरवठ्यावर अवलंबून" असं छापलेलं असतं आणि सेल्सवाला तेच दाखवतो. ही अट अगदीच निरर्थक नाही, दोन-तीन आठवडे पुढेमागे झालं म्हणून ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट) कोणाला शिक्षा करत नाही. पण अंदाजे म्हणजे अनंत काळ असाही त्याचा अर्थ होत नाही. आणि २०१९ च्या कायद्यात एक तरतूद आहे जी कोणी वापरत नाही: कलम २(४१), प्रतिबंधक व्यापार पद्धती. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त उशीर केला आणि त्यामुळे भाव वाढला किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली तर ती अशी पद्धत धरली जाते. म्हणजे उशीर त्यांनी करायचा आणि वाढीव किंमत तुम्ही भरायची, हा प्रकार नेमका या व्याख्येत बसतो.

करायचं काय, तर क्रमाने करा. पहिलं, डीलरला विचारा की माझ्या नावावर गाडी अलॉट झालीये का, झाली असेल तर चासी नंबर द्या, नसेल तर वेटिंगमध्ये माझा नंबर किती. तुमच्या नंतर बुक केलेल्याला गाडी आधी गेली असेल (कॅश देणारा, जास्त अ‍ॅक्सेसरीज घेणारा, कोणाच्या ओळखीचा) तर ते या उत्तरात उघडं पडतं, किंवा उत्तर न देण्यात उघडं पडतं. दुसरं, लेखी मुदत द्या. हा मजकूर जसाच्या तसा वापरला तरी चालेल:

"मी अमुक तारखेला अमुक पावती क्रमांकाने बुकिंग केले. आपण अमुक तारखेपर्यंत डिलिव्हरी देण्याचे कबूल केले होते. ती तारीख उलटून गेली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंगच्या वेळच्या किमतीत गाडी द्यावी, अन्यथा मी बुकिंग रद्द समजून पूर्ण रक्कम व्याजासह परत मागेन. हे रद्द करणे आपल्या विलंबामुळे असल्याने कोणतीही कपात मला मान्य नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही नुसतं "कॅन्सल करा" म्हणालात तर ते "ग्राहकाने स्वखुशीने रद्द केले" असं नोंदवलं जातं आणि कॅन्सलेशन चार्ज लागतो. शोरूममध्ये कॅन्सलेशन फॉर्म पुढे केला तर त्यावर कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहा, "डिलिव्हरीतील विलंबामुळे". छापील "पर्सनल रीझन"वर टिक करून देतील, तो खोडा.

भाव वाढला म्हणतात

"डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू" ही अट जवळपास सगळ्या फॉर्मवर असते आणि ती सरसकट बेकायदा आहे असं समजू नका. वेळेत डिलिव्हरी होत असताना कंपनीने भाव वाढवला तर वाद घालायला जागा कमी. उशिरामुळे वाढ अंगावर आली असेल तर वर सांगितलेलं २(४१) धरा. आणि "प्राइस प्रोटेक्शन" (बुकिंगच्या वेळचाच भाव लावू) असं लेखी दिलं असेल तर मग अट काहीही म्हणो, ते दिलेलं वचन आहे.

टॅक्सचं मात्र वेगळं. जीएसटी बिलाच्या वेळच्या दराने लागतो आणि तो खालीही येतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा दर १८ टक्के झाला, आधी २८ टक्के अधिक सेस होता. दर खाली आल्यावर जुन्या भावाचं बिल फाडायचा प्रयत्न झाला तर बिलातला दर वाचून तिथल्या तिथे थांबवा. एक्स-शोरूम १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आधीच घेतलेला इन्कम टॅक्स) लागतो, तो खर्च नाहीये, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, फक्त पॅन बरोबर टाकलाय का आणि नंतर इन्कम टॅक्स पोर्टलवर तुमच्या नावे जमा दिसतोय का ते बघा.

बाकी ऑन-रोड कोटेशनच्या एकेका ओळीला विचारा, ही सरकारी आहे का. रजिस्ट्रेशन, रोड टॅक्स, नंबर प्लेट, फास्टॅग समजू शकतो. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "फॅसिलिटेशन" ह्या नावाने जे हजारो रुपये लावतात ते कुठल्याही सरकारी खात्यात जात नाहीत. लेखी विचारा की हे कशाबद्दल आणि बिल कुठे, अर्ध्या वेळा ती ओळ गायबच होते.

इन्शुरन्सचंही तेच. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे (सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून), पण तो कोणाकडून घ्यायचा ही निवड तुमची. "आमच्याकडूनच घ्या, नाहीतर डिस्काउंट नाही" किंवा "अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तरच गाडी लवकर" हे पुन्हा त्याच २(४१) मध्ये येतं, एक वस्तू घ्यायला दुसरी घेण्याची अट घालणं. प्रत्यक्षात डीलर काय करतो तर डिस्काउंटला इन्शुरन्स जोडतो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सक्ती नाही. मग सरळ हिशोब करा, बाहेरचा प्रीमियम अधिक गेलेला डिस्काउंट विरुद्ध त्यांचा प्रीमियम. कधीकधी त्यांचंच स्वस्त पडतं, तत्त्वासाठी पैसे घालवायची गरज नाही.

रिफंड: किती आणि कधी

एक गैरसमज आधी काढू. शोरूममध्ये जाऊन गाडी बुक केली आणि दोन दिवसांनी मन बदललं तर अमुक दिवसात फुकट रद्द करायचा सरसकट कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. तिथे फॉर्मची अट चालते. पण तिथेसुद्धा डीलर वाटेल ते कापू शकत नाही, कारण करार कायद्याच्या (१८७२ चा, तोच अजून चालतो) कलम ७४ प्रमाणे अटीत रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते, ती लिहिलेली रक्कम फक्त वरची मर्यादा. तीच गाडी दुसऱ्या दिवशी वेटिंगमधल्या माणसाला त्याच भावात विकली तर डीलरचं नुकसान काय झालं, हा प्रश्न विचारा. पूर्ण बुकिंग रक्कम जप्त करणं याच प्रश्नावर अडतं.

चूक त्यांची असेल तर (उशीर, चुकीचा व्हेरियंट, मॉडेलच बंद झालं, दिलेलं वचन फिरवलं) पूर्ण रक्कम परत, शून्य कपात. "जीएसटी भरला गेलाय, तो कापावा लागेल" असं सांगितलं तर ते खोटं आहे, वस्तूंच्या अ‍ॅडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी भरावा लागत नाही, तो बिल फाटल्यावर लागतो. बिल फाटलंच असेल तरी क्रेडिट नोट (ते बिल उलटवणारा कागद) काढायची सोय आहे, आणि ते त्यांचं काम.

रिफंड मागताना तारीख घाला, "लवकरात लवकर" असं लिहू नका. आणि चेक दिला तर "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर सही करायच्या आधी रक्कम बघा. कमी असेल तर "कपातीबद्दल हरकत राखून स्वीकारले" असं सहीच्या वर लिहायचं. त्यांनी लिहू दिलं नाही तर पैसे खात्यात आल्या आल्या त्याच अर्थाचा मेल टाका.

चुकीची, जुनी किंवा ठोकलेली गाडी

इथे जरा सावकाश वाचा कारण सगळ्यात महागडे घोळ इथले आहेत आणि सगळ्यात सहज टाळता येणारेही.

वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, आणि कलम ४१ सांगतं की तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही वस्तू "स्वीकारली" असं धरलं जात नाही. म्हणून पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, ही डीलरची मेहेरबानी नाहीये. ती कधी करायची? बाकीचे पैसे भरायच्या आधी, बिल फाटायच्या आधी, पासिंगला टाकायच्या आधी. डीलर म्हणेल "आधी पूर्ण पेमेंट करा मग चासी नंबर अलॉट होतो". तेव्हा सांगायचं, अलॉट करा, मी यार्डात येऊन बघतो, त्याच दिवशी आरटीजीएस करतो. ठाम राहिलं की यार्ड दाखवतात. मुहूर्ताच्या दिवशी, पाडव्याला किंवा दसऱ्याला शोरूममध्ये रांग लागलेली असताना पहिल्यांदा गाडी बघत असाल तर तपासणी विसरा, हार घातलेल्या गाडीवरचा ओरखडा कोणाला दिसत नाही. यार्डात दोन-तीन दिवस आधी, दिवसाउजेडी, कोरड्या गाडीवर.

बघायचं काय: चासी नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा एकच आहे का. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात बनवल्याचं वर्ष (बऱ्याचदा महिनाही) सांकेतिक असतं, पण कोणत्या जागी ते कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून कंपनीच्या कस्टमर केअरला नंबर मेल करून महिना-वर्ष लेखी विचारा. फॉर्म २१, म्हणजे सेल सर्टिफिकेट, त्यावरही उत्पादनाचा महिना-वर्ष असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चार टायर सारख्या काळातले आणि एखादा भलताच असेल तर विचारा. बॉनेट आणि दरवाजांचे बोल्ट, त्यावरचा रंग उडालाय का, रबराच्या कडेला पेंटचा फवारा दिसतो का, पॅनेलमधल्या फटी सारख्या आहेत का. किलोमीटरचं रीडिंग शंभर-दोनशेच्या घरात असेल तर टेस्ट ड्राइव्हला वापरली का असा थेट प्रश्न. पेंट मोजायचं मीटर असलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याला घेऊन जा.

काही सापडलं तर तिथेच व्हिडिओ, चासी नंबर दिसेल असा, आणि गाडीजवळ उभं राहूनच मेल: "ही गाडी मला या कारणांसाठी मान्य नाही, दुसरी अलॉट करावी, या गाडीचं बिल आणि पासिंग माझ्या नावे करू नये." हा मेल मिळाल्यावरही पासिंग केलं तर केस फार सोपी होते.

"करून देतो ना सर, एक पॅनेल फक्त पेंट करायचंय" यावर माझं मत स्पष्ट आहे, नवीन गाडीच्या पैशात रिपेअर केलेली गाडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर डिस्काउंट आणि दुरुस्तीचं वर्णन बिलावर लिहून घ्या.

पासिंग झाल्यावर लक्षात आलं तर? रस्ता बंद नाही पण चढ आहे. मारुतीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सांगितलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायची अट असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. तो दोषाचा मामला होता. तुमची तक्रार "गाडी खराब निघाली" अशी नसून "जुनी गाडी नवीन म्हणून विकली" अशी असेल तर ती फसवणूक आणि अनुचित व्यापार पद्धत आहे, आणि तक्रारीत तशीच मांडायची. एकात एक मिसळू नका.

बिना नंबरची गाडी घेऊन जा असं कोणी सुचवलं तर नेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४२ प्रमाणे टेम्पररी किंवा कायम नोंदणीशिवाय डीलरला गाडी ताब्यात देताच येत नाही, आणि नोंदणी नसताना अपघात किंवा चोरी झाली तर विमा कंपनी क्लेम नाकारते आणि सुप्रीम कोर्टानेही तसे क्लेम फेटाळलेत.

लोन घेतलं असेल तर

बँक रक्कम थेट डीलरला पाठवते आणि हप्ता तुमचा सुरू होतो, गाडी कुठे आहे याच्याशी बँकेच्या सिस्टीमला देणंघेणं नसतं. म्हणून चासी नंबर हातात येईपर्यंत डिस्बर्समेंट, म्हणजे लोनची रक्कम डीलरला जाणं, होऊ देऊ नका, बँकेला तसं लेखी कळवा. पैसे गेलेच असतील आणि ऑर्डर फसली तर डीलरला सांगा की रक्कम थेट लोन खात्यात परत करा, आणि मधल्या काळातलं व्याज, प्रोसेसिंग फी, लोन बंद करायचा चार्ज हे सगळं नुकसानभरपाईच्या यादीत टाका. रागाच्या भरात हप्ता मात्र थांबवू नका. सिबिल तुमचा खराब होतो, डीलरचा नाही. बँक ऐकत नसेल तर तिला लेखी तक्रार, ३० दिवसात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट.

सेल्समनच पैसे घेऊन गायब

"माझ्या जीपेवर पाठवा, मी भरतो" म्हणून पैसे घेतले आणि पावती दिलीच नाही, हे होतं. डीलर हात वर करतो. शोरूमच्या आत, शोरूमच्या कर्मचाऱ्याने, शोरूमच्या कामासाठी घेतलेले पैसे असल्याचं दाखवता आलं तर डीलरची जबाबदारी सुटत नाही, पण दाखवावं तुम्हाला लागतं. त्यामुळे पैसे फक्त डीलरच्या करंट अकाउंटला, आणि रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेणं इन्कम टॅक्स कायद्यातच मना आहे. हा प्रकार नुसता ग्राहक वाद राहत नाही, पोलिसात द्या, भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ आणि विश्वासघात कलम ३१६. खोट्या वेबसाइटवर बुकिंग केलं असेल तर एकही तास न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, पैसे गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासातच असते.

तक्रारीची शिडी

डीलरच्या जीएमला मेल, सीसीमध्ये कंपनी. सात-दहा दिवस. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, मराठीत बोलता येतं, ऑनलाइनही नोंदवता येते. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती आदेश देऊ शकत नाही, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत आणि तिथून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते. साध्या रिफंडच्या भानगडी इथेच मिटू शकतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

मग नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, वकीलही लागत नाही, स्वतः लिहून स्पीड पोस्टाने पाठवली तरी चालते. डीलर आणि कंपनी दोघांना. १५ दिवस द्या, आणि पोचपावती जपा.

शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात दाखल करता येते, डीलर दुसऱ्या शहरात असला तरी, हा २०१९ च्या कायद्याचा फार मोठा फायदा आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य, त्याच्यावर राष्ट्रीय. फी नाममात्र आहे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. ऑनलाइन दाखल करायला १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे (आधी ई-दाखिल होतं).

तक्रार लिहिताना तारीखवार लिहा, विशेषणं कमी. प्रत्येक वाक्याला एक कागद. डीलर आणि कंपनी दोघांना सामनेवाले करा आणि कंपनीविरुद्ध तिचं काय चुकलं ते वेगळ्या परिच्छेदात, नाहीतर ती सुटते. मागणी स्पष्ट आकड्यात: मूळ रक्कम, कुठल्या तारखेपासून किती टक्के व्याज, झालेला प्रत्यक्ष खर्च बिलांसकट, मानसिक त्रास, केसचा खर्च. मानसिक त्रासाला दहा लाख मागितल्याने दहा लाख मिळत नाहीत, उलट खऱ्या मागणीचं वजन कमी होतं. अजून एक खाचखळगा, बुकिंग फॉर्मची अट "अनुचित करार" म्हणून रद्दच करा अशी मागणी जिल्हा आयोगात चालत नाही, तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. जिल्ह्यात जाताय तर सेवेतली त्रुटी आणि अनुचित किंवा प्रतिबंधक व्यापार पद्धती यावरच बोला.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना उत्तराला ३० दिवस, फार तर १५ वाढवून, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलंय. म्हणून पंचेचाळिसावा दिवस कॅलेंडरवर लिहा आणि उलटला की "उत्तराचा हक्क संपला" असा अर्ज द्या. कायद्यात निकाल तीन महिन्यात, तपासणी लागली तर पाच महिन्यात असं लिहिलंय. प्रत्यक्षात तेवढ्यात होत नाही, तयारी ठेवा.

मधे कधीतरी डीलरचा फोन येईल, मिटवून टाकू म्हणून. मिटवायला काहीच हरकत नाही, फक्त आधी पैसे खात्यात, मग तक्रार मागे. आणि समझोता आयोगासमोर नोंदवून घ्या. आदेश तुमच्या बाजूने झाला आणि तरी पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ आणि ७२ खाली अंमलबजावणीचा अर्ज करायचा, ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड किंवा दोन्ही आहे. डीलरला अपील करायचं असेल तर ४५ दिवसात राज्य आयोगात, आणि त्याआधी आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते, त्यामुळे नुसतं लांबवण्यासाठी अपील करणं त्यालाही परवडत नाही.